जर्नालिझमची पोरं बंधाऱ्यावर पाठवा

मा. संपादक, स.न.वि.वि.

पोरगी जर्नालिझमला जाणार म्हटलं की पाव्हण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, टीव्हीवर दिसणार काय? अहो, माईक धरून रंकाळ्यावर बोलणं कुणालाही जमतंय. पण दर पावसाळ्यात २०१९ च्या महापुराचे जुने व्हिडिओ आजचे म्हणून फिरतात, आणि पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला गेलं की इशारा आणि ४३ ला धोका एवढं पण न बघता लोक फॉरवर्ड करत सुटतात, तिकडं नदीकाठच्या आंबेवाडी-चिखलीतल्या माणसांच्या पोटात गोळा येतो त्याचं काय?

आपल्या शिवाजी विद्यापीठात पत्रकारिता शिकायची सोय आहे, मग पोरांना वर्गात थिअरी कमी आणि बंधाऱ्यावर, ग्रामसभेत, मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला जास्त पाठवा की. माहिती अधिकाराचा अर्ज स्वतः लिहून टाकायला लावा, कायदा २००५ पासून आहे पण कितीजणांना अर्ज लिहिता येतो? आणि राग मानू नका, इंटर्न म्हणून पोरं दिवसभर पळवायची आणि पेट्रोलला पण पैसे द्यायचे नाहीत, ही रीत तुमच्याच धंद्यात आहे, तेवढं बघा.

- एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर