पप्पा, चित्रांच्या वर्गाबद्दल

पुणे

तीर्थरूप पप्पा आणि आई यांना सप्रेम सलाम.

पप्पा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "शब्बाथशाळेत चित्रं कसली दाखवतेस? त्यापेक्षा वचनं पाठ करून घे की." आई मागून ओरडली, "तिला जेवू द्या आधी," म्हणून विषय तिथंच राहिला. तसंही फोनवर तुमच्यापुढं माझा निभाव लागत नाही. मला एक वचन आठवेपर्यंत तुमची चार म्हणून झालेली असतात. म्हणून हे पत्र.

तुमचा खरा आक्षेप बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी दुसऱ्या आज्ञेचा आहे, ठाऊक आहे मला. निर्गम, विसावा अध्याय, कोरीव मूर्ती करू नको. कबूल. पण तेच पुस्तक अकरा अध्याय पुढं वाचा. देव मोशेला सांगतो की ऊरीचा मुलगा बसालेल याला मी नाव घेऊन बोलावलंय आणि माझ्या आत्म्यानं भरलंय. कशासाठी? उपदेश करायला नाही की लढाई मारायला नाही. सोन्यारुप्याचं, पितळेचं काम करायला, रत्नं घडवायला, लाकूड कोरायला. कराराच्या कोशावरचे, म्हणजे आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या त्या पवित्र पेटीवरचे, पंखांचे करूब सोन्याचेच होते ना? इतकी वर्षं नगरच्या चर्चमध्ये बसले, बसालेलावर एकही उपदेश कानावर पडला नाही. तुम्हीही कधी केला नाहीत.

आणि हे भांडण काही आपल्या घरातलं नवं नाही. आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी ख्रिस्ताची चित्रं पुसून टाकायला लावली. 787 साली चर्चच्या निकेया इथल्या दुसऱ्या परिषदेनं चित्रांच्या बाजूनं कौल दिला, तरी प्रकरण मिटायला 843 उजाडलं. पुढं धर्मसुधारणेच्या काळात झुरिकमध्ये पुन्हा चर्चच्या भिंतींवर चुना फिरला. 1831 साली नगरला आलेले अमेरिकन मिशनरी त्याच परंपरेतले, म्हणून आपल्या चर्चच्या भिंती कोऱ्या. मला त्या आवडतात. पण त्या कोऱ्या का आहेत, हे मुलांना कळायला नको?

वर्ग शनिवारी दुपारी असतो. सुरुवात मी कॅटाकोंबपासून, म्हणजे रोमच्या भुयारी दफनभूमींतल्या चित्रांपासून, करत नाही. एका पोराच्या चित्रापासून करते. जर्मनीत ड्यूरर या चित्रकारानं 1511 साली वधस्तंभाचं एक छोटं कोरीवचित्र केलं. त्यात येशूचा शिष्य योहान खाली उभा आहे, हात एकमेकांत घट्ट पिळलेले. असली युरोपीय चित्रं मोगल दरबारात पोचत होती. 1580 साली जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला अकबराला भेटले, तेव्हा त्यांनी अँटवर्पला छापलेलं अनेक भाषांतलं बायबल नजर केलं होतं, त्यातही चित्रं होती. 1600 च्या सुमारास अबुल हसन नावाच्या मुलानं ड्यूररचा तो योहान उतरवला. वय फक्त तेरा. चित्र आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. मी दोन्ही चित्रांचे प्रिंट शेजारी शेजारी ठेवते आणि गप्प बसते. मुलं आधी झग्याच्या चुण्या बघतात, मग बोटं. यावेळी एक सातवीतली मुलगी म्हणाली, "ताई, ह्याला रडू दाबायचंय." ख्रिस्ती नसलेल्या त्या तेरा वर्षांच्या मुलाला ते दुःख दिसलं होतं, म्हणून त्याच्या हातून ते उतरलं. ह्याच अबुल हसनाला पुढं जहांगीरानं 'नादिर-उझ-झमान' हा किताब दिला.

पप्पा, मला शिकवायचं आहे ते एवढंच. सौंदर्य ही आपल्या चर्चची खासगी मालमत्ता नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवानं आपल्या प्रतिरूपाचा मनुष्य केला असं लिहिलंय, फक्त ख्रिस्ती मनुष्य केला असं नाही. मग वेरूळचं कैलास लेणं वरून खाली खोदत आणणारे पाथरवट त्यातून कसे वगळायचे? तिथली उपासना आपली नाही, हे मी मुलांना स्पष्ट सांगते. ते हात कुणी दिले, हेही सांगते.

ह्या विषयावरची परदेशी ख्रिस्ती पुस्तकं मी चाळली. बहुतेकांत ठरलेला जिना असतो. रोमच्या भुयारांपासून सतराव्या शतकातल्या रेंब्रां या चित्रकारापर्यंत चढायचं, मग श्रद्धा ओसरली आणि कला घसरली असं म्हणून धाडकन खाली यायचं. मला पटत नाही. त्या जिन्यात अबुल हसन कुठं बसेल? आणि इटलीचा चित्रकार कॅरावाज्जो? 1606 साली रोममध्ये त्याच्या हातून माणूस मेला आणि तो पळाला. आमच्या वर्गातली मोठी लगेच म्हणाली, "खुनी माणसाची चित्रं चर्चमध्ये कशी चालतात?" मी तिला त्याचं दावीद आणि गल्याथाचं चित्र दाखवलं. दावीदाच्या हातात लोंबणारं ते कापलेलं मुंडकं, उघडं तोंड, विझत चाललेला एक डोळा, तो चेहरा चित्रकाराचा स्वतःचा आहे. दावीदाच्या तोंडावर विजयाचा लवलेश नाही, उलट कीव आहे. ती बराच वेळ बघत होती. नंतर तिनं आपणहून 51 वं स्तोत्र, दावीदाच्या पश्चात्तापाचं, काढून वाचलं. तुम्हाला वचनं हवी होती ना!

दिवाळीच्या सुट्टीत वर्ग मेणवलीला नेला. नाना फडणविसांच्या वाड्यामागं कृष्णेच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलीय. जवळ गेलं की तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरिया दिसते आणि 1707 हे साल. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली ती. वर्गातल्या धाकट्यानं विचारलं, "मग ती आपली ना? परत मागू या." तिथंच घाटावर बसून मी त्यांना दुसरी बाजू सांगितली, पोर्तुगिजांनी गोव्यात पाडलेल्या देवळांची. लहान मुलांना हे सांगू नये असं आमच्या चर्चमधल्या एका काकूंचं मत पडलं. माझं तसं नाही.

पुढचे शनिवार चित्रकार आंजेलो द फोन्सेकाचे. गोव्याचा माणूस, शांतिनिकेतनात शिकलेला. मरियेला साडी नेसवली म्हणून गोव्यातल्या चर्चवाल्यांचा रोष ओढवून घेतला आणि इथं शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिला. 1967 साली गेला. पुण्यातल्या निम्म्या ख्रिस्ती लोकांना त्याचं नावही माहीत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

आणि आता तुमचं काम. फोन्सेकानं जे रंगांत केलं, ते रेव्हरंड टिळकांनी त्याच्याही आधी आपल्या नगरात शब्दांत आणि चालींत केलं होतं. मिशनरींच्या विलायती चालींवर बसवलेली गीतं गाणाऱ्या मंडळीला त्यांनी भजन दिलं, कीर्तन दिलं. 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातली त्यांची पदं मी मुलांना वाचून दाखवू शकते, पण तुमच्यासारखी म्हणू शकत नाही. मुलांना ती ऐकायलाच हवीत, आणि टाळ कुठं पडतो तेही तुमच्याकडूनच शिकायला हवं. जानेवारीत दोन शनिवार इकडे या. पेटी चर्चमध्ये आहे, टाळ मी जुन्या बाजारातून आणते. आईला म्हणावं, वर्गाच्या मुलांसाठी नानखटाई चालेल, पण डबा दोघांच्या वजनाचा नको. एसटीचं आरक्षण मी इथून करते, फक्त तारीख कळवा.

तुमची,
थोरली