गायमानला निघालेल्या लेकीस

बाला, उत्तर वेल्स
फेब्रुवारी

प्रिय छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बॅगेत स्वेटरांच्या घडीखाली हे पत्र ठेवते आहे. ते मुद्दाम मराठीत लिहिले आहे आणि तुला ते एका दमात वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुझ्याकडून बाराखडी गिरवून घेतली खरी, पण ती जोडाक्षरांपाशी येऊन थांबली. पुढे कधी उर्द या वेल्श युवासंघटनेची सहल, कधी गाण्याची तालीम, कधी शाळेची आइस्तेद्वॉद, म्हणजे गाण्या-कवितांच्या स्पर्धांचा मेळा, असे काही ना काही आडवे येत गेले. ब्यूनोस आयरेसपर्यंतचा प्रवास लांबचा आहे. सावकाश वाच.

एका वर्षासाठी अर्जेंटिनाच्या दक्षिणेकडच्या पातागोनियातल्या गायमान गावी वेल्श शिकवायला तुझी निवड झाल्याचे मी चॅपलच्या मागच्या खोलीत सांगितले, तेव्हा कपबशा विसळणाऱ्या बायकांनी ओल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना त्यात नवल काही वाटले नाही, कारण तिकडे माणसे पाठवण्याची या गावाची सवय जुनी आहे. मायकल डी. जोन्स इथल्याच धर्मविद्यालयाचे प्राचार्य. तरुणपणी ते अमेरिकेत ओहायोला गेले, तेव्हा तिकडे स्थायिक झालेल्या वेल्श लोकांची मुले आईबापांची भाषा भराभर सोडताना त्यांनी पाहिली, आणि जिथे चॅपल, शाळा, न्यायनिवाडा आणि बाजार हे सारे वेल्शमधूनच चालेल अशी वसाहत कुठेतरी लांब करावी, हा ध्यास त्यांनी घेतला. पैसा मात्र बराचसा त्यांच्या पत्नीचा, अ‍ॅन यांचा. इतिहास सांगताना इथले लोक हे वाक्य अंमळ घाईने उरकतात, म्हणून मी ते लिहून ठेवते.

28 मे 1865 रोजी लिव्हरपूलहून मिमोझा नावाचे गलबत सुटले. एके काळी चीनहून चहा आणणारे ते जहाज होते. त्यात दीडशेच्या आसपास माणसे बसली आणि 28 जुलैला, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, आज ज्याला पुएर्तो माद्रिन म्हणतात त्या किनाऱ्यावर उतरली. हिरव्या कुरणांच्या आशेने आलेल्या या लोकांपुढे काटेरी झुडपांचे कोरडे माळरान पसरले होते आणि प्यायला पाणी नव्हते. चुबुत नदीचे खोरे तिथून पासष्ट किलोमीटरच्या आसपास. तिथे पोहोचल्यावरही पहिली पिके जळाली. 1867 मध्ये नदीचे पाणी चर खणून शेतात घेण्याची युक्ती लागू पडली. ती रेचल जेंकिन्स नावाच्या शेतकरणीला सुचली, असे सांगतात. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. पाणी कुठून कुठे वळवायचे, याचा विचार पाणी भरणाऱ्या बाईइतका कोण करणार?

आता जे सांगते ते नीट ध्यानात धर. गायमानची मुले दर 28 जुलैला तो उतरण्याचा दिवस साजरा करतात आणि त्या दिवशी तुलाही भाषण करावे लागेल. तेव्हा ती भूमी ओसाड होती असे म्हणू नकोस. तिथे तेहुएल्चे लोक शिकार करत हिंडत असत. पहिल्या वर्षांत या नवख्या शेतकऱ्यांना मांस मिळवायला त्यांनीच शिकवले, पावाच्या बदल्यात ग्वानाको या उंटासारख्या रानटी प्राण्याचे मांस दिले, आणि हा शेजार पुष्कळसा सलोख्याने चालला. पण अर्जेंटिनाच्या सरकारने वेल्श लोकांना जमीन दिली ती भाषेच्या प्रेमापोटी नव्हे. दक्षिणेवरचा आपला हक्क पक्का करायला त्याला तिथे वस्ती हवी होती. पुढे सैन्याने मोहीम काढून मूळ रहिवाशांना मारले, पकडून नेले. वेल्श वसाहतीने त्यांच्यासाठी रदबदलीचा अर्ज केला, हे खरे. मोहीम त्याने थांबली नाही, हेही खरे. स्वतःची भाषा वाचवायला निघालेली माणसे दुसऱ्या कुणाच्या भाषेच्या अंगणात उतरली होती, एवढे मुलांना त्यांच्या वयाला पेलेल अशा शब्दांत सांगता आले, तर तू चांगली शिक्षिका आहेस असे मी समजेन.

तुला तिकडे जाताना पाहून मला 1965 सालचे दोन प्रसंग सारखे आठवतात, जरी मी त्यांतल्या एकालाही हजर नव्हते. चुबुतमध्ये त्या वर्षी वसाहतीची शताब्दी झाली, वेल्सहून पाहुणे गेले आणि क्षीण झालेला संबंध पुन्हा जुळला. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या घरापासून मोटारीने दहा-पंधरा मिनिटांवरचे त्रवेरिनचे धरण रीतसर सुरू झाले. लिव्हरपूल शहराला पाणी हवे होते, म्हणून कापेल केलिन हे अवघे वेल्शभाषी खेडे, त्याची शाळा, चॅपल, टपाल कचेरी आणि बारा घरे बुडाली. 1957 साली संसदेत कायदा झाला तेव्हा वेल्सच्या 36 खासदारांपैकी एकानेही त्याच्या बाजूने मत दिले नव्हते. ज्या बंदरातून मिमोझा भाषा वाचवायला निघाली, त्याच शहराच्या नळांसाठी शंभर वर्षांनी ते खोरे पाण्याखाली गेले. शहराच्या परिषदेने 2005 मध्ये माफी मागितली.

तुझ्या आजीचे माहेर कोयनेच्या शिवसागराखाली आहे. ती कधी धरणाला नावे ठेवत नसे. वीज आपल्याच राज्यात येते, म्हणे. पण उन्हाळ्यात पाणी उतरले की वाड्याचे जोते दिसेल का, हा विचार तिच्या मनातून जात नसे. म्हणून 1995 मध्ये आम्ही इथे आलो आणि कोरड्या वर्षी लोक त्रवेरिनच्या काठावर जाऊन उघड्या पडलेल्या दगडांकडे न बोलता पाहत उभे राहिलेले मी पाहिले, तेव्हा या गावाशी माझी पहिली ओळख पटली. तोवर माझे मत काही चांगले नव्हते. तुझ्या बाबांना इंग्लंडमध्ये नोकरी मिळाली असे मी साताऱ्यात सगळ्यांना सांगून आले होते आणि इथे दुकानात, दवाखान्यात, शाळेच्या फाटकाशी मला न कळणारी भाषा. तुला वेल्श माध्यमात घालायचे ठरले तेव्हा मी तुझ्या बाबांशी आठवडाभर बोलले नाही. पोरीचे इंग्रजी कच्चे राहील, ही माझी भीती. ती किती फोल होती हे तू मला पुढे इंग्रजीतच अनेकदा ऐकवलेस.

मग मी वर्गाला जाऊ लागले. पहिल्याच आठवड्यात शब्दकोशाशी भांडण झाले: वेल्सला ‘कम्री’ म्हणतात हे पाठ केले, तर पाटीवर ‘क्रोएसो इ गम्री’, म्हणजे वेल्समध्ये स्वागत, आणि ‘ग’ खाली तो शब्द काही सापडेना. आपल्या मराठीत प्रत्यय लागला की शब्दाची शेपटी बदलते, ‘घर’चे ‘घराला’ होते; यांच्याकडे शब्दाचे डोकेच बदलते. एकदा हे उमगल्यावर मला भाषा आपल्यातली वाटू लागली. ऐंशीला त्यांचे म्हातारे ‘पेदवार इगाइन’, म्हणजे चार विसा म्हणतात, तेव्हा तर बाजारात विसांनी आंबे मोजणारी माझी आजीच डोळ्यांपुढे उभी राहिली.

पण खरे सांगायचे तर मला वेल्श वर्गाने शिकवली नाही; कामांनी शिकवली. इथल्या बायकांच्या मंडळात, ‘मेरखेद अ वाउर’ मध्ये, मला प्रथम बोलावले ते खुर्च्या मांडायला. पहाटेच्या लेकी, असा त्या नावाचा अर्थ. आपल्या शेजारच्या पार्क गावातल्या बायकांनी, आमच्या जुन्या मंडळाच्या सभेचे कागद इंग्रजीत का, असे विचारून 1967 मध्ये हे निराळे मंडळ काढले आणि ते देशभर पसरले. तिथे माझी भाषा कोणी तपासली नाही. चहा किती जणांचा टाकायचा हे मला कळले पाहिजे, एवढीच अट होती. तसेच आपल्या पंचक्रोशीच्या मासिकाचे, ‘पेथे पेनलिन’चे. कोणाच्या म्हशीला रेडकू झाले अशा थाटाच्या बातम्या त्यात असतात, असे मी तुझ्या मामाला कळवले होते (म्हशी इथे नाहीत, पण मेंढ्या आहेत), आणि त्याच्या घड्या घालायला दहा-बारा जणी एका टेबलाभोवती बसतात. गाणेही असेच. चॅपलच्या जुन्या भजनपुस्तकात सूर रेघांवर नव्हे तर अक्षरांनी छापलेले असतात, आपल्या सारेगमसारखे, त्यामुळे खाणकामगार आणि धनगरही चार आवाजांत गाऊ शकत. मला खालचा आवाज दिला गेला, कारण तिथे एक जागा रिकामी होती.

2021 च्या जनगणनेत वेल्श बोलणारे सुमारे 5,38,000 भरले, म्हणजे 17.8 टक्के, दहा वर्षांपूर्वी ते 19 टक्के होते. 2050 पर्यंत दहा लाखांचा संकल्प सरकारने सोडला आहे. शाळा वाढतील, दूरदर्शनची वेल्श वाहिनी 1982 पासून आहे, पाट्या दुभाषी आहेत. हे सारे झगडून मिळवलेले आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. पण मला काळजी वाटते ती घड्या घालणाऱ्या टेबलाची. तिथल्या निम्म्या बायका सत्तरीच्या पुढच्या आहेत आणि त्यांच्या नातवंडांना बालात घर घेणे परवडत नाही, कारण घरे सुट्टीपुरत्या येणाऱ्यांकडे जातात.

आपल्या घरात मराठीचे काय झाले ते पाहा. ती तुझ्या-माझ्यापुरती उरली, कारण मराठीतून करण्यासारखे चार जणांचे काम इथे काही नव्हते. चिवडा करणे आणि गणपतीच्या पाच दिवसांची आरती एवढेच. यात तुझा दोष नाही. माझाही पूर्णपणे नाही.

गायमानमध्ये तू चहाच्या दुकानांच्या गावात राहशील. तिथे प्रवाशांपुढे लोकरी पांघरूण घातलेल्या किटल्या आणि तोर्ता नेग्रा नावाचा काळा केक ठेवतात. लग्नातल्या त्या केकचा एक थर वर्षभर जपून लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला खाण्याची तिकडे रीत आहे. ही दुकाने छान आहेत, पण त्यांना वसाहत समजू नकोस. वसाहत तुला सापडेल ती ऑक्टोबरात जवळच्या त्रेलेउ शहरातल्या आइस्तेद्वॉदमध्ये, जिथे वेल्शमध्ये आणि स्पॅनिशमध्ये अशा दोन्ही भाषांत स्पर्धा होतात, आणि तालमी संपल्यावर आवराआवर करणाऱ्यांमध्ये. तिथली वेल्श तुला वेगळी ऐकू येईल, स्पॅनिशच्या हेलाची, आणि मुले एकमेकांशी मधल्या सुट्टीत स्पॅनिशच बोलतील. शाळा स्पॅनिशमधून सुरू झाल्या आणि वेल्सहून नवी माणसे यायची थांबली, तरी भाषा चॅपलच्या आधाराने तग धरून राहिली. 1997 पासून वेल्सहून शिक्षक जाऊ लागले, आता दुभाषी शाळा आहेत.

त्यांची वेल्श सुधारायला गेल्यासारखी वागू नकोस. मी एकदा तसे केले आहे. तुझ्या बाबांच्या वर्गातले एक तंजावरचे डॉक्टर आमच्याकडे जेवायला आले होते. तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या मराठ्यांचे वंशज. ते घरची मराठी बोलले आणि मी हसले. हसू वाईट नव्हते, पण त्यानंतर जेवण संपेपर्यंत ते इंग्रजीतच बोलले.

सुट्टीत अँडीजच्या पायथ्याशी त्रेवेलिनला जा. 1902 मध्ये हा भाग अर्जेंटिनाचा की चिलीचा, हा वाद मिटवायला आलेल्या सर थॉमस होल्डिच यांच्यापुढे तिथल्या वेल्श लोकांनी शाळेच्या इमारतीत आपला कौल अर्जेंटिनाच्या बाजूने दिला. या गृहस्थांची उमेदीची वर्षे आपल्या हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीची मोजणी करण्यात गेली होती. तिथेच एका घोड्याचीही समाधी आहे, मालाकाराची. गोष्ट तिथल्या लोकांकडून ऐक.

आणि कोणी तुझ्या रंगाकडे पाहून, तू वेल्श कशी, असे विचारले तर रागावू नकोस. 1914 साली अ‍ॅबरिस्टविथच्या कॉलेजच्या आइस्तेद्वॉदमध्ये ‘शिता’ या टोपणनावाच्या कवीला खुर्चीचा मान, म्हणजे कवितेचे मुख्य बक्षीस, जाहीर झाला, तेव्हा प्रेक्षकांतून उठून उभी राहिली ती बरेलीत जन्मलेली डॉरथी बॉनर्जी. टोपणनावाने कविता द्यायची आणि नाव पुकारल्यावरच उठायचे, ही रीत मला फार आवडते. आधी कविता ऐकतात, चेहरा नंतर दिसतो.

थर्मल कपडे वरच्या कप्प्यात आहेत. लोणच्याची बरणी ठेवली नाही, विमानतळावर काढून घेतील. येत्या शुक्रवारी ‘पेथे पेनलिन’च्या घड्या घालायच्या आहेत, तुझ्या वाट्याचा गठ्ठा मी मागून घेतला आहे, आणि तू परत येईपर्यंत तो माझ्याकडेच राहील असे त्यांना सांगून ठेवले आहे.

तुझी
आई