जहाजावरची दुसरी पंगत

सांगली,
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस आणि माझं सांगायचं निम्मं राहून जातं. हे मला सलग सांगायचंय, आणि तुलाच सांगायचंय.

तब्येती ठीक. अण्णांची साखर आटोक्यात, आईचे गुडघे तसेच, माझं पित्त तसंच.

तर बातमी अशी, की मे महिन्यात आम्ही सगळे क्रूझला चाललोय. आई-अण्णांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. ताईनं ठरवलं, काही ऐकून घेतलं नाही. सिंगापूरहून जहाजात बसायचं, पेनांग, फुकेत, एक अख्खा दिवस नुसता समुद्र, आणि परत सिंगापूर. चार रात्री. आम्ही चौघं, आई-अण्णा, ताई, भाऊजी आणि चिनू, असे नऊ जण.

गेल्या रविवारी सगळे आमच्याकडं जमले होते. मी लॅपटॉप घेऊन फॉर्म भरत बसलेलो. त्यात एक प्रश्न होता, रात्रीचं जेवण किती वाजता घेणार? तर जहाजावर त्याचं असं असतं. वरच्या डेकवर बुफे, पिझ्झा, चहा-कॉफी, हे तिकिटातच येतं. वेगळे पैसे मोजायचे ते खास हॉटेलांना, कोल्ड्रिंकला, दारूला. पण रात्रीचं मुख्य जेवण खालच्या मोठ्या डायनिंग रूममध्ये. पांढरे टेबलक्लॉथ, वाढपी, सगळा थाट, आणि तेही तिकिटातच. त्याच्या दोन पंगती. पहिली साडेपाचला, दुसरी आठला. जी पंगत धराल ती रोज तीच, टेबल तेच, वाढपीही तोच. नाहीतर मग वाटेल तेव्हा जा आणि टेबल मिळेल तिथं बसा, असाही एक पर्याय असतो.

मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं. आई आत भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "तुम्ही सगळे पहिल्या पंगतीला बसा. मी मागनं बसते."

सगळे हसले. भाऊजींनी टाळी दिली. चिनूनं तर ते तिच्या मैत्रिणींना मोबाईलवरून पाठवलंसुद्धा. मला हसू आलं नाही, बंड्या. तिनं ते गमतीनं म्हटलेलं नव्हतं. जहाजावर दोन पंगती असतात म्हटल्याबरोबर तिनं स्वतःला दुसरीत घालून टाकलं, आणि भाकरी उलटून मोकळी झाली.

तू आमच्याकडं किती रविवार जेवलास, तुला वेगळं सांगायला नको. सगळ्यांची ताटं उचलली की ती उंबऱ्याजवळच्या पाटावर बसायची आणि कढईतच भात कालवायची. कडेला लागलेला मसाला भाताच्या घासानं पुसून घ्यायची. वर मोडकी भाकरी आणि खाली राहिलेली आमटी. विचारलं तर म्हणायची, कढईतला भात गोड लागतो. २०१९ च्या पुरात खालचं घर पाण्यात होतं, शेजारची दोन बिऱ्हाडं आमच्या वरच्या मजल्यावर होती, एका शेगडीवर सगळ्यांची खिचडी शिजायची. तेव्हाही शेवटी तीच. आता घरात डायनिंग टेबल आहे, सहा खुर्च्या आहेत, सून बस म्हणते, नातवंडं हात धरून ओढतात. ती बसते, आणि दोन घासांत उठते. तव्यावर काहीतरी असतंच.

म्हणून मी हट्टाला पेटलोय. चार रात्री ही बाई एका टेबलाशी बसून, दुसऱ्यानं वाढलेलं, गरम, शेवटपर्यंत जेवली पाहिजे. बाकी पेनांग-फुकेत दिसलं नाही तरी चालेल.

आता वेळेचं भांडण ऐक. भाऊजी म्हणतात पहिली पंगत घ्या, म्हातारी माणसं असली की सगळे तीच घेतात, अण्णा साडेसातला जेवणारे. पोरं म्हणतात वाटेल तेव्हा. मी म्हणतो दुसरी, आठची. कारण सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. तिथले साडेपाच म्हणजे आपले दुपारचे तीन. मार्केट यार्डात हळदीचे सौदे करून आलेला माणूस बाराला जेवला की तीनला परत ताटावर बसेल का? तिथले आठ म्हणजे आपले साडेपाच. हेसुद्धा लवकरच, पण चार वाजताचा चहा-बिस्किटं आवरती घेतली तर भूक लागते. अण्णांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, यांची गोळी घड्याळाला बांधलेली नाही, जेवणाला बांधलेली आहे. जेवण सरकलं की गोळी सरकेल. झालं तर मग.

शिवाय दुसऱ्या पंगतीवाल्यांना जेवणाआधीचा नाटक-गाण्यांचा खेळ बघता येतो. पोरांना सातपर्यंत पोहता येतं. आणि फुकेतहून परत जहाजावर येऊन आंघोळी करून आई-अण्णांना तासभर आडवं होता येतं. साडेपाचची पंगत गाठायची म्हणजे दिवसभर किनाऱ्यावर "चला, चला" करत फिरायचं.

वाटेल तेव्हाचं मला नकोच. नऊ माणसांचं टेबल ऐन वेळी मागितलं तर थांबावं लागतं, नाहीतर पाच इकडं, चार तिकडं. आणि एकदा फोडाफोड झाली की आई कुठं जाईल? "तुम्ही बसा, मी वर बुफेत दहीभात खाऊन येते" म्हणेल आणि खरंच जाईल.

एकत्र टेबलासाठी आणखी एक खटपट करावी लागली. ताईचं बुकिंग तिच्या एजंटाकडून, आमचं मी केलेलं. दोन बुकिंग एकमेकांना जोडून घेतली नाहीत तर टेबलं वेगळी पडू शकतात. एजंट म्हणाला, "जहाजावर गेल्यावर बघू की." मी म्हटलं, नाही, आत्ता बघू. चार दिवस पिच्छा पुरवला, लेखी घेतलं. ताई म्हणाली तू अगदी कॉलेजच्या मेसचा सेक्रेटरी झालायस. तिला काय माहीत, मेसचा हिशोब मी ठेवायचो आणि सेक्रेटरी म्हणून हार तू घालून घ्यायचास! दंडोबाच्या सहलीत पिठल्याचा डबा एस.टी.च्या टपावर राहिला, त्याचं खापर तू अजून कंडक्टरवर फोडतोस. त्यावर पुन्हा वाद नको. पण डबा तुझ्याकडं होता.

जेवणात काय, तर शाकाहारी भारतीय जेवण हवं असं बुकिंगवर आधीच नोंदवून ठेवलंय. पहिल्या संध्याकाळी तिथल्या मुख्य वाढप्याला जाऊन भेटायचं, दुसऱ्या दिवशीचं आदल्या रात्री सांगून ठेवायचं, म्हणजे डाळ, भात, पोळी, दोन भाज्या वेळेवर येतात. एकाच टेबलाचा हाच फायदा, दुसऱ्या रात्रीपर्यंत त्या माणसाला कळलेलं असतं की आजोबांना गोड द्यायचं नाही आणि आजींना अंडं घातलेला केक चालत नाही. रोज नव्या माणसाला हे समजावत बसायचं म्हणजे आई दुसऱ्याच दिवशी "राहू दे, मी ब्रेड खाते" म्हणणार.

ती घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट न्यायचं म्हणत होती. घरी केलेलं, उघडं असं काही जहाजावर चालत नाही, कंपनीचं सीलबंद पाकीट असेल तर चालतं. त्यावर अण्णा म्हणाले, मग भडंग तरी घ्या. तेव्हा भडंगाची सीलबंद पाकिटं निघाली आहेत सिंगापूरला.

पहिल्या दिवशी खोली लगेच मिळत नाही आणि बॅगाही खोलीवर मागाहून येतात. त्यामुळं गोळ्या, चष्मे आणि एकेक कपडा खांद्यावरच्या पिशवीत. दुपारी सगळं जहाज बुफेवर तुटून पडतं, तेव्हा आई-अण्णांना खिडकीशी बसवायचं आणि ताटं आम्ही आणायची, हे पोरांना सांगून ठेवलंय. सकाळची मला काळजी नाही. बुफेत गर्दी होते ती आठनंतर, अण्णांचा तोवर नाश्ता होऊन दुसरा चहा झालेला असेल.

फुकेतला मोठी जहाजं पाटोंगच्या खाडीत लांब उभी राहतात, छोट्या बोटीनं किनाऱ्यावर जायचं. थायलंडचं घड्याळ सिंगापूरपेक्षा एक तास मागं. मोबाईल आपोआप बदलतो आणि माणूस फसतो. परत यायची वेळ जहाजाच्या घड्याळाची असते. त्या दिवशी अण्णांचं एचएमटी जहाजाच्या वेळेला लावायचं आणि सगळ्यांनी तेच बघायचं, असं ठरलंय. ते ऐकल्यापासून रोज सकाळी किल्ली देऊन रेडिओशी ताडून बघतात. दुकान सोडल्यापासून त्यांना एवढं खूष मी पाहिलं नव्हतं.

आणि आता खरी मेख. समुद्रातल्या त्या अख्ख्या दिवशी नेमकी संकष्टी!

आपल्या गणपतीच्या देवळातली एक संकष्टी तिनं चुकवलेली मला आठवत नाही. पूर आला तेव्हासुद्धा विचारत होती, तिथी काय आहे. कॅलेंडरात चंद्रोदयाच्या वेळा आपल्याकडच्या गावांच्या, त्या तिथं उपयोगाच्या नाहीत. मी बसून काढलं, तर जहाजाच्या घड्याळात दहा वाजून जातील असं दिसतंय. म्हणजे आठच्या पंगतीला तिचा उपास आणि सोडायची वेळ पंगत उठून गेल्यावर. झालं, तिला हवं तेच मिळालं! सगळे जेवणार आणि ती मागून.

दोन दिवस मला झोप नव्हती. मग बायकोनं तोडगा काढला. त्या रात्री आठला आई सगळ्यांबरोबर टेबलाशी बसणारच, समोर फळं, दही, उकडलेला बटाटा, जे उपासाला चालतं ते. तिचं ताट रिकामं नसेल आणि तिला उठायला तवाही नसेल. दहानंतर डेकवर जायचं, चंद्राला अर्घ्य मनातल्या मनात, खडीसाखरेचा नैवेद्य दाखवायचा. आणि जेवण त्या वाढप्याला आदल्या रात्रीच सांगून बांधून ठेवायला लावायचं, ते मिळालं नाही तर वर उशिरापर्यंत जे चालू असेल तिथं. उपास मीही धरणार आहे. म्हणजे ती मागून बसली तरी एकटी बसणार नाही. आणि गंमत बघ, जहाजावरचे सव्वादहा म्हणजे सांगलीतले पावणेआठ. उलट लवकरच सुटला की उपास!

हे सगळं तिला सांगितलं. तर म्हणते, "कशाला एवढं? मला तिथं कोण ओळखतंय, मी कोपऱ्यात बसेन." आणि वर, "टेबलावर काट्याचमच्यानं मला जमायचं नाही, तुम्हाला लाज वाटेल." हे मला लागलं रे. हातानं जेव म्हटलं, नऊच्या नऊ जण हातानं जेवू. साड्या काढ म्हटलं, एक रात्र तिथं सगळे नटून येतात, तू इरकल नेस. ती मान हलवते आणि विषय बदलते.

आता तुझं काम. तुला आठवतंय, विलिंग्डन कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, परीक्षेच्या आदल्या रविवारी, तू ताटावर हात जोडून बसला होतास? "काकू बसल्याशिवाय घास नाही." अण्णा चिडले, मी कोपरानं ढोसलं, तू हललाच नाहीस. आणि ती बसली. हसत हसत, पदरानं तोंड पुसत, आपल्या रांगेत बसली आणि पोटभर जेवली. त्यानंतर ते कुणालाच जमलेलं नाही. ताईला नाही, मला नाही.

म्हणून तिला फोन कर. दुपारी तीननंतर कर, तेव्हा ती मोकळी असते. माझं नाव काढू नकोस. सरळ सांग, की काकू, मी जहाजावर नाही, पण आठच्या पंगतीला तुम्ही बसलात का हे मी रोज विचारणार आहे. पाहिजे तर शपथ घाल. तुझी शपथ ती मोडत नाही. पंगत नक्की करायची मुदत शनिवारी संपते, तेव्हा त्याच्या आत कर.

तुझ्या बदलीचं काय झालं? नागपूर पक्कं का? धाकटीचं दहावीचं टेन्शन घेऊ नका, ती करेल. वहिनींना सांग, लोणच्याचा मसाला पाठवतोय, सोबत भडंगही. तुझ्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कळव, की अजून दाखवलंच नाहीस?

उत्तर नको, फोन कर. मला नाही, तिला.

तुझा,
राजा

ता. क. टेबलाशी तिची खुर्ची भिंतीकडची धरायची, दोन्ही बाजूंना नातवंडं. उठायचं म्हटलं तर निम्म्या टेबलाला उठवावं लागेल, अशी. ही युक्ती चिनूची.