गळणारा कार्बोरेटर बदलण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलामुळे जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर (इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) गळू लागले आहेत, अशा आशयाची पत्रे आपल्या स्तंभात अलीकडे वाचनात आली. तक्रार खरी आहे. मात्र तिच्यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय, म्हणजे मूळ कार्बोरेटर काढून बाजारात मिळणारा नवा बसवणे, हा बहुतेक वेळा अनावश्यक असतो, असे अनुभवाअंती माझे मत झाले आहे.

माझ्याकडे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या पावसाळ्यात ती अडीच महिने उभी होती. पुन्हा चालू केली तेव्हा कार्बोरेटरच्या झाकणाच्या कडेने पेट्रोल पाझरू लागले आणि इंजिन धूर सोडत बंद पडू लागले. गॅरेजमध्ये मूळ सोलेक्स बनावटीचा कार्बोरेटर ‘संपला’ असे सांगून नवा बसवून देण्यात आला. आठ दिवसांत तोही तसाच गळू लागला! तेव्हा मी स्वतः झाकण उघडले. पेट्रोल आत येण्याची वाट बंद करणारी सुईसारखी झडप, म्हणजे निडल, जिथे टेकते त्या जागी तपकिरी रंगाचा बारीक कचरा अडकलेला होता. तो आला होता पेट्रोलच्या टाकीतून, त्यामुळे कार्बोरेटर कितीही नवा असता तरी फरक पडणार नव्हता.

कार्बोरेटरमधील फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा) आणि निडल यांचे काम घराच्या गच्चीवरील टाकीतल्या बॉलकॉकसारखेच असते. पेट्रोल ठरावीक पातळीला आले की फ्लोट वर उचलला जातो व निडल वाट बंद करते. ती वाट पुरती बंद झाली नाही, तर इंजिनावरचा पंप पेट्रोल ढकलतच राहतो आणि ते मिळेल तिथून बाहेर पडते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की गळती इंजिन चालू असतानाच होते की बंद असतानाही? केवळ चालू असताना झाकणाच्या कडेने पेट्रोल येत असेल, तर निडल, फ्लोट आणि पंपाचा दाब या तिन्हींची तपासणी करावी. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवला आणि आत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज आला, तर तो फुटलेला आहे. शंका राहिल्यास तो गरम पाण्यात बुडवावा, छिद्रातून बुडबुडे येतात. अशा फ्लोटला डाग देण्यापूर्वी (सोल्डर करण्यापूर्वी) आतील पेट्रोलची वाफ पूर्णपणे घालवणे अत्यावश्यक आहे, नाहीतर स्फोट होऊ शकतो. सोलेक्समध्ये पातळी निडलच्या बैठकीखालील वॉशरच्या जाडीने ठरते, ही गोष्ट अनेक नवे मेकॅनिक विसरतात आणि हाताला येईल तो वॉशर घालतात. पंप बदलताना त्याच्याखालचे पॅकिंग पातळ घातले गेले, तर पंपाचा स्ट्रोक लांब होतो व दाब वाढतो. मग चांगली निडलही तो पेलू शकत नाही.

झाकणाचे स्क्रू वर्षानुवर्षे आवळून झाकण वाकलेले असते, ते सपाट काचेवर ठेवून पाहिल्यास लगेच दिसते. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच जादा पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या पंपाचा डायफ्राम (लवचीक पडदा) कडक झाला असेल, तर इंजिन बंद असतानाही ओल बाजूच्या छोट्या झाकणाखाली दिसेल. याला दुरुस्तीचे साधे किट पुरते.

आता इथेनॉलविषयी. टाकीत आणि नळ्यांत वर्षानुवर्षे चिकटून बसलेला राळेसारखा थर ते सैल करते, व तोच कचरा निडलपाशी येतो. जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व पॅकिंग त्याने फुगतात किंवा चिरतात. हवेतील ओलावाही ते शोषून घेते, त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत गंज वाढतो. शिवाय त्याच्यात उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असून प्राणवायू असतो. त्यामुळे मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, गाडी ओढत नाही आणि काही जण कार्बोरेटरमधील पेट्रोलची पातळीच वाढवून ठेवतात. त्यातून गळती ओढवून घेतली जाते. पातळी कंपनीच्या मापावर ठेवावी आणि जरूर पडल्यास जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र) बदलण्याचा विचार करावा, हाच मार्ग योग्य आहे. टाकी उतरवून धुणे, पंपाआधी चांगला फिल्टर बसवणे आणि इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालणे, ही कामे आधी करावीत.

यात दिरंगाई नको, कारण गळलेले पेट्रोल गरम एक्झॉस्टवर किंवा स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या ठिणगीपाशी पोहोचले तर गाडी पेटते. काम करताना इंजिन गार असावे, बॅटरीची तार काढलेली असावी आणि पेट्रोलच्या आगीला चालणारे अग्निशामक हाताशी असावे.

पेट्रोल पंपावर प्रत्येक नोझलवर इथेनॉलचे प्रमाण ठळकपणे लिहिलेले असावे, आणि नळ्या व पॅकिंगच्या पाकिटावर ते किती टक्के इथेनॉलला टिकतील, याचा उल्लेख बंधनकारक करावा, एवढी विनंती आपल्या पत्राद्वारे संबंधित खात्यांना करतो. पद्मिनीच्या टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या हद्दपार झाल्या. परंतु घरोघरी जपलेल्या खासगी गाड्या अजून धावत आहेत आणि त्यांच्या मालकांना हे समजून घेण्याचा अधिकार आहे.

कळावे,
आपला एक वाचक, पुणे