'अ लव्ह सुप्रीम'ला शब्द आहेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील जॅझविषयक लेखात अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या 'अ लव्ह सुप्रीम' या अल्बमचा उल्लेख 'शब्दांविना केलेली प्रार्थना' असा आला आहे. लेख मनापासून आवडला. तरीही एवढे एक वाक्य दुरुस्त व्हावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण या प्रार्थनेला शब्द आहेत आणि ते कोल्ट्रेन यांनी स्वतः लिहिलेले आहेत.

९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीत, रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत, मॅकॉय टायनर (पियानो), जिमी गॅरिसन (बास) आणि एल्विन जोन्स (ड्रम्स) यांच्या साथीने हा जेमतेम ३३ मिनिटांचा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. पहिल्या भागाच्या अखेरीस अल्बमचे नाव नामजपासारखे घुमते, तेवढे सर्वांना ऐकू येते. शब्दांची खरी करामत आहे ती चौथ्या भागात, ज्याचे शीर्षकच मुळी 'स्तोत्र' या अर्थाचे आहे. १९६५ साली निघालेल्या तबकडीच्या कव्हरच्या आतल्या बाजूस कोल्ट्रेन यांनी ईश्वराला उद्देशून लिहिलेली कविता छापली होती. चौथ्या भागात टेनर सॅक्सोफोनवर ते हीच कविता अक्षरागणिक म्हणतात. इथे ठेका नाही, ड्रम्सची केवळ गाज आहे, आणि कवितेत 'देवा, तुझे आभार' या अर्थाची ओळ येते तेव्हा सूर पुनःपुन्हा खाली उतरून षड्जावर टेकतो. आपल्याकडे गायकी अंगाने वाजवणारे वादक बंदिशीचे बोल मनात धरून वाजवतात, त्याच्याशी याचे जवळचे नाते आहे, असे मला वाटते.

मीही अनेक वर्षे हा भाग मोबाइलवर ऐकत होतो आणि त्याला मुक्त आलापी समजत होतो. मोबाइलवर कव्हरचे छायाचित्र तेवढे दिसते, मजकूर नाही. पुढे एका स्नेह्यांकडे जुनी तबकडी पाहायला मिळाली आणि कवितेवर बोट ठेवून ऐकू लागलो, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या ओळीपासूनच सॅक्सोफोन बोलतो आहे, हे स्पष्ट कळू लागले. त्या दिवशी तो भाग मी लागोपाठ तीनदा ऐकला.

तबकडीच्या कव्हरमधला मजकूर हा या रचनेचाच अंश आहे. म्हणून पुरवणीत ही दुरुस्ती छापताना कविता समोर ठेवून चौथा भाग ऐकण्याची सूचनाही वाचकांना आवर्जून करावी, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
सातारा