भोपळा वाळायला चार दिवस लागतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टी जवळ आली की बालपुरवण्यांत ‘टाकाऊतून टिकाऊ’ सुरू होतं. फोटो देखणा असतो, पण कृती ‘कापा, चिकटवा, रंगवा, सजवा’ या चार शब्दांत आटोपलेली. खळ किती घट्ट, वाळायला किती वेळ, कितव्या वर्षी मुलाला काय जमतं, याचा पत्ता नसतो. मग भोपळा पिचकतो, टोपी नाकावर घसरते, मूल कंटाळून उठतं आणि उरलेलं काम रात्री आई पुरं करते. नाहीतर दुकानातून तयार संच येतो आणि मुलाच्या वाट्याला फक्त स्टिकर लावणं उरतं. म्हणून तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आपल्याच तीन जुन्या गोष्टींच्या वस्तू, मापांसकट कळवत आहोत.

सगळ्याच्या मुळाशी खळ. दोन मोठे चमचे मैदा आधी पाव कप गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, मग त्यात पाऊण कप पाणी घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटं सतत ढवळायचं. पांढरा रंग जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की उतरवायची. मैदा थेट गरम पाण्यात टाकला तर गोळ्या होतात, कारण वरचं पीठ लगेच शिजतं आणि आतलं कोरडंच राहतं. बुकबाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात ते इथे चुकूनही नको, ते विषारी आहे आणि या वयात बोटं तोंडात जातातच. ही खळ बाहेर जेमतेम दिवसभर टिकते, पावसाळ्यात तेवढीही नाही. आंबूस वास आला की फेकावी, मैदा काही महाग नाही.

आता म्हातारीचा भोपळा. फुगा पूर्ण न फुगवता साधारण २० सेंटिमीटर रुंद होईल इतकाच फुगवायचा. गाठीपासून बुडापर्यंत सुतळीचे चार वेढे द्यायचे, म्हणजे मधला रबर फुगून आपोआप आठ फाका दिसतात. वेढे घट्ट ओढू नयेत. फुगवणं, बांधणं आणि पुढे फोडणं हे मोठ्यांचं काम. फुटलेल्या रबराचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, म्हणून सगळे तुकडे गोळा झाल्याशिवाय मुलांना जवळ बोलवू नये. फुग्याला खोबरेल तेलाचं बोट फिरवून तो वाटीवर ठेवला की गडगडत नाही.

वर्तमानपत्राच्या दोन-तीन सेंटिमीटर रुंद पट्ट्या फाडायच्या, कात्रीने कापायच्या नाहीत. फाटलेली कड विरळ असते, ती खाली बसते. कापलेली कड उभी राहते आणि रंगवल्यावरही रेघ दिसते. शिवाय फाडणं तीन वर्षांच्या मुलालाही येतं, आणि ते त्याला भलतंच आवडतं. पहिला थर वर्तमानपत्राचा, दुसरा वहीच्या कोऱ्या कागदाचा, असं आलटून-पालटून केलं की कुठे लावायचं राहिलं हे मुलांनाही कळतं. एकूण चार थर, दिवसाला एकच. चारही एका बैठकीत लावले तर वरचा वाळतो, आतला ओलाच राहतो आणि आठवड्याने बुरशीचा काळा डाग उमटतो. दोनच थरांवर थांबलात तर पहिल्या ‘टुणूक’लाच पोचा पडतो.

वाळवायचं पंख्याखाली किंवा सावलीत. उन्हात फुग्यातली हवा प्रसरण पावून ओला कागद उलतो, कधी फुगाच फुटतो. चौथा थर खडखडीत वाळल्यावर गाठीजवळ टाचणीने बारीक भोक पाडून हवा हळूहळू सोडायची. कागद दमट असताना फुगा फटकन फोडला तर तो आकसताना भिंतीही आत ओढतो. पिचकलेले बहुतेक भोपळे इथेच पिचकतात. मग मोठ्यांनी कटरने दहा सेंटिमीटरचं दार कापायचं. म्हातारी आइस्क्रीमच्या लाकडी चमच्याची, केस कापसाचे, लुगडं शिंप्याकडच्या चिंधीचं.

रंगाबद्दल एक मत. आपल्या बाजारातला डांगर बाहेरून बहुधा हिरवट किंवा मातकट असतो, केशरी दिसतो तो कापल्यावर. भडक नारिंगी भोपळा चित्रांच्या पुस्तकांतून आला. मुलांना भाजीवाल्याकडचा खरा डांगर दाखवून मग रंग ठरवू द्यावा. केशरीच हवा असेल तर खळीत हळद आणि चिमूटभर खायचा सोडा घाला, तांबूस झाक येते. खिडकीत ठेवलात तर हा रंग उडतो, पण गोष्ट सांगून होईपर्यंत पुरतो.

उंदराच्या टोपीची चूक मापात असते. मोठ्या आकाराच्या वर्तमानपत्राच्या जोडपानाची टोपी मोठ्यांच्याही डोक्याला सैल होते. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ५० सेंटिमीटर, त्याला एकच पान पुरतं. पान आडवं दुमडून घडीची बाजू वर ठेवायची, दोन्ही कोपरे मध्यावर आणायचे आणि खालच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी वर दुमडायच्या. कोपरे मध्यावर आणण्याआधी मधली खूण बोटाने दाबून घेतली नाही तर टोपी तिरकी होते. टोपी मिळाल्यावर ‘राजा मला भ्याला’ म्हणायला ढोलकी हवीच. नारळाच्या करवंटीच्या तोंडावर पतंगाच्या कागदाचे तीन थर खळ लावून बसवा आणि कडेने दोऱ्याने बांधून रात्रभर ठेवा. ओला कागद वाळताना आकसतो आणि आपोआप ताणला जातो, म्हणून लावताना ताणू नका, फाटेल. वाजवायची बोटांनी, काडीने नाही.

चिऊताईचं मेणाचं घर म्हटल्यावर मेण वितळवण्याचा मोह होतो. लहान मुलं आसपास असताना तो टाळावा. टूथपेस्टच्या किंवा बिस्किटाच्या खोक्याची आतली मळकट बाजू घ्या, गुळगुळीत बाजू मेण धरत नाही. आधी घड्या घालून घर उभं करून पाहा, मग उलगडून पांढऱ्या मेणबत्तीचं थोटूक उभं-आडवं तीन वेळा घासा. मोठ्यांनी वर कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवली की मेण पुठ्ठ्यात मुरतं. पुन्हा दुमडल्यावर घडीवरचं मेण तडकतं आणि पाणी पहिलं तिथूनच शिरतं, नाहीतर कापलेल्या कडेतून. या दोन जागी शेवटी पुन्हा मेण घासायचं.

कावळ्याचं घर शेणाचं. खेड्यात शेण मिळेल, घरात शाडू बरी. भिंत एक सेंटिमीटरची, आणि घर दोन-तीन दिवस कडकडीत वाळवायचं. इथे बऱ्याच जणांचा अंदाज चुकतो: ओलसर मातीचं घर पावसात चटकन विरघळत नाही, पूर्ण वाळलेलं मात्र पाणी शोषून भराभर ढासळतं. बाटलीच्या झाकणाला पाच-सहा भोकं पाडली की पाऊस तयार. दोन्ही घरं परातीत ठेवा, पाऊस मुलांनाच पाडू द्या. चिऊताई दार कधी उघडते हे त्यांना सांगावं लागत नाही.

बाकी सामान घरातच असतं. जुन्या लग्नपत्रिकांइतका चांगला जाड, सोनेरी कागद विकतही मिळत नाही. पण वर गणपती असतो म्हणून कुणी त्या कापत नाही. तो भाग आधी नीट कापून बाजूला ठेवला की हात मोकळा होतो. डोळ्यांना काळ्या टिकल्या लावाव्यात, पण रंग पूर्ण वाळल्यावर आणि खाली खळीचा ठिपका देऊन, नाहीतर पोस्टर कलरच्या भुकटीवर टिकली धरत नाही. चमकी नको, हाताची डोळ्यांत जाते. थर्माकोलच्या मखरांवर आणि सजावटीवर राज्यात २०१८ साली बंदी आली, तरी हस्तकलेच्या कृतींत ते अजून डोकावतं. वर्तमानपत्राची शाई हाताला लागते, म्हणून खाऊआधी साबणाने हात धुवायला लावावेत.

एका बैठकीला वीस मिनिटं पुष्कळ झाली. तीन वर्षांच्या मुलाने फाडावं, चिकटवावं, चार वर्षांच्याने घड्या घालाव्यात, पाच-सहाच्याने बोथट टोकाच्या कात्रीने कापावं. म्हातारीचा एक डोळा कानाजवळ गेला तर तिथेच राहू द्यावा.

आपल्या पुरवणीला एवढीच विनंती: प्रत्येक कृतीबरोबर वय, मापं, वाळण्याचा वेळ आणि मोठ्यांनी करायचं काम वेगळं छापावं. जागा कमी पडली तर फोटो लहान करावा.

कळावे,
बालवाडीच्या काही शिक्षिका