‘८० टक्के अवरोध’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

एखाद्या वनस्पतीच्या पानांच्या, सालीच्या किंवा मुळांच्या अर्काने प्रयोगशाळेत कोलिनएस्टरेज या विकराला (एन्झाइमला, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला) ८० टक्के अवरोध केला, म्हणजे त्याचे काम तेवढे अडवले, आणि त्यामुळे अल्झायमरवरचे नवे औषध दृष्टिपथात आले, अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. अशा चाचण्या मी स्वतः बरीच वर्षे केल्या असल्याने, त्या बातम्यांत जे सहसा येत नाही त्याविषयी लिहावेसे वाटले.

चेतापेशींमध्ये निरोप पोहोचवणाऱ्या ॲसिटिलकोलिन या रसायनाचे काम झाले, की त्याचे क्षणार्धात विघटन करणे हे ॲसिटिलकोलिनएस्टरेज या कोलिनएस्टरेजच्या प्रकाराचे कार्य. अल्झायमरमध्ये ॲसिटिलकोलिन तयार करणाऱ्या पेशी घटत जातात, म्हणून उरलेसुरले रसायन थोडा अधिक काळ टिकावे यासाठी या विकराला अडवणारी डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामिन ही औषधे दिली जातात. त्यांनी लक्षणे काही काळ सावरतात. मेंदूचा ऱ्हास मात्र थांबत नाही. यांपैकी गॅलँटामिन हे स्नोड्रॉप आणि डॅफोडिल यांच्या कुळातील कंदवनस्पतींत सापडलेले अल्कलॉइड (वनस्पतींतील नत्रयुक्त रसायन) असल्यामुळे, इतर वनस्पतींतही असे काही हाती लागेल ही संशोधकांची अपेक्षा मुळीच अनाठायी नाही. माझा आक्षेप शोधाला नाही, आकडा वाचण्याच्या पद्धतीला आहे.

यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत जॉर्ज एल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केली. तीत विकराला ॲसिटिलकोलिनऐवजी ॲसिटिलथायोकोलिन दिले जाते. त्याच्या विघटनातून सुटणारे थायोकोलिन डीटीएनबी या अभिकर्मकाशी संयोग पावून पिवळा रंग देते, आणि हा रंग किती वेगाने गडद होतो ते ४१२ नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजले जाते. अर्क घातल्यावर पिवळेपणा सावकाश वाढला, तर अवरोध झाला असे मानतात. म्हणजे आपण विकराला थेट पाहत नाही, त्याच्या कामाची रंगीत सावली मोजतो, आणि ती सावली दुसऱ्या कशानेही फिकी होऊ शकते.

वनस्पतींचे अर्क स्वतःच गडद रंगाचे असतात, तेव्हा विकराविना ठेवलेल्या अर्काचे मोजमाप वजा केले नाही तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. अर्क विरघळवण्यासाठी वापरलेले डीएमएसओ हे द्रावकसुद्धा या विकराला काही प्रमाणात अडवते. म्हणून अर्काविना, पण तेवढेच डीएमएसओ घातलेली नळी शेजारी असावीच लागते. काही पदार्थ विकराला हातही न लावता थायोकोलिन आणि डीटीएनबी यांच्यातील रंगाची अभिक्रियाच अडवतात. हे पकडण्याचा उपाय सोपा आहे: विकराला आपले काम आधी पूर्ण करू द्यावे, मग अर्क व अभिकर्मक घालावेत, आणि तरीही पिवळा रंग आला नाही तर अवरोधाचा दावा मागे घ्यावा. टॅनिन या सालीतल्या तुरट द्रव्याची गोष्ट आणखी वेगळी. ते कोणत्याही प्रथिनाला चिकटते, त्यामुळे टॅनिनयुक्त साल जवळपास प्रत्येक विकराच्या चाचणीत ‘गुणकारी’ ठरू शकते. आमच्याकडे एका सालीच्या अर्काने पहिल्या दिवशी ९० टक्क्यांच्या वर अवरोध दाखवला आणि आम्ही हरखून गेलो. त्यातील टॅनिन शोषून काढल्यावर मात्र तो आकडा शून्याजवळ आला. अर्थातच त्यावर शोधनिबंध झाला नाही, कारण फसलेल्या प्रयोगांची नोंद छापण्याची हौस कुणालाच नसते. वनस्पतीवर कीटकनाशक फवारलेले असेल तर काय, हा प्रश्नही विचारला जात नाही. वास्तविक ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांतील कीटकनाशके नेमक्या याच विकराला निकामी करून कीटक मारतात.

या सगळ्या चाळण्यांतून पार झालेला आकडाही एकट्याने काही सांगत नाही. ‘८० टक्के’ कोणत्या मात्रेला? कच्च्या अर्काच्या चाचण्या अनेकदा दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम ते १ मिलिग्रॅम इतक्या मात्रेला केल्या जातात, तर गॅलँटामिन साधारणपणे दर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमच्या आतच निम्मा अवरोध घडवते. ही तुलना न छापता टक्केवारी तेवढी ठळक छापणे म्हणजे धावपटूची वेळ सांगायची आणि अंतर गाळायचे. शिवाय विकर बहुधा वीजनिर्मिती करणाऱ्या ईल माशाचे असते, माणसाचे नव्हे. आणि नळीत असतो तसा थेट प्रवेश अर्काला शरीरात मिळत नाही. आतडे, यकृत आणि रक्त व मेंदू यांच्यामधला अडथळा ओलांडून त्यातले काय व किती पुढे पोहोचते, हे या चाचणीतून कळूच शकत नाही.

तरीही मला हे पत्र लिहावे लागले ते दुसऱ्याच कारणाने. कोलिनएस्टरेजला अडवणे हा मुळात विषाचा गुणधर्म आहे. पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार येथे आरोपीचा दोष ठरवण्यासाठी जी टपोऱ्या घेवड्यासारखी विषारी बी खायला घालत, तिच्यातूनच १८६४ साली फायसोस्टिग्मिन हे कोलिनएस्टरेजला अडवणारे द्रव्य वेगळे करण्यात आले. डोनेपेझिलची नेहमीची सुरुवात दिवसाला अवघ्या ५ मिलिग्रॅमने होते, आणि तेवढ्यानेही मळमळ, जुलाब किंवा नाडी मंद होणे असे त्रास होऊ शकतात. बातमी वाचून घरातल्या वृद्धाला, जो आधीच असे औषध घेत आहे, त्याच झाडाचा काढा देणाऱ्याच्या हेतूवर मी शंका घेणार नाही. परंतु काढ्यात खरोखरच अवरोधक असेल तर दोन्ही परिणामांची बेरीज होते. हृदयाच्या लयीचा विकार किंवा दमा असलेल्याला ती धोक्याची ठरू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी तर ही गोष्ट भूलतज्ज्ञाला सांगायलाच हवी, कारण स्नायू शिथिल करणाऱ्या सक्सिनिलकोलिनचे विघटन रक्तातील ब्युटिरिलकोलिनएस्टरेज हा कोलिनएस्टरेजचा दुसरा प्रकार करतो आणि तेच अडवले गेले तर शिथिलता लांबते.

म्हणून विनंती अशी, की यापुढे अशी बातमी छापताना अर्काची मात्रा, तुलनेसाठी वापरलेले औषध व त्याचा आकडा, आणि चाचणी नळीत झाली, प्राण्यांवर झाली की माणसांवर, एवढे तपशील संशोधकांकडून मागून घ्यावेत. ज्यांनी काम नीट केले आहे, त्यांच्या वहीत ते तयारच असतात.

आपली,
एक नियमित वाचक